मोहोळ साहेब, मी वर्कर आहे का सुपरवायझर, ते एकदा सांगून टाका

मा. मुरलीधर अण्णा मोहोळ साहेब,
केंद्रीय नागरी उड्डाण राज्यमंत्री यांना,

नमस्कार अण्णा. मी परभणीची. जगात जर्मनी आन भारतात परभणी म्हणतात ना, तीच. नऊ वर्षं झाली केबिन क्रू म्हणून उडायले, बेस मुंबई. मागच्या महिन्यात आमच्या बेसच्या युनियनची अध्यक्ष झाले म्हणून हे पत्र. निवडून आले असं म्हणायची सोय नाही, कारण दुसऱ्या कुणी फॉर्मच भरला नाही. आमच्याकडं गावात सरपंच बिनविरोध होतो तेव्हा त्याच्या आधी आठ दिवस बैठका, मटण, रुसवेफुगवे सगळं झालेलं असतं. इथं तसलं काही नाही. आधीचे अध्यक्ष सीनियर होते, त्यांची बदली दुसऱ्या बेसला झाली (का झाली ते मी लिहित नाही, तुम्ही समजून घ्या) आणि पुढचे चार महिने युनियनचा शिक्का एका गॅली बॅगेत (गॅली म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर) पडून होता. पहाटे तीनला पिकअपच्या कॅबमध्ये एक जण म्हणाली, ताई तूच हो ना, आम्ही कॉन्ट्रॅक्टवर आहोत, रिन्यूअल जून महिन्यात आहे. बाकीच्या दोघी खिडकीबाहेर बघायल्या. मी हो म्हणले. झोप झालेली नसली की माणूस काहीही कबूल करतो.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, कामून पडायलीस त्या भानगडीत? तिचं बरोबर आहे. वडील एसटीत कंडक्टर होते आणि 2021-22 चा तो मोठा संप आमच्या घरानं आतून बघितलाय. साडेपाच महिने किराण्याच्या दुकानातून उधारीवर सामान आणताना दुकानदार वही उघडायच्या आधी आईच्या तोंडाकडं बघायचा, ते तिला अजून आठवतं. वडील मात्र काहीच बोलले नाहीत, नुसतं विचारलं, तुमच्या विमानात घंटी कोण मारतं? मी सांगितलं, दार लावून झालं की मीच सांगते वर. तर म्हणाले, मग तू पण कंडक्टरच की.

अण्णा, कायद्याला मात्र हे एवढं सोपं वाटत नाही, आणि माझं खरं दुखणं तिथंच आहे. दोन वर्षांपूर्वी माझं प्रमोशन झालं, लीड, म्हणजे विमानातल्या केबिन क्रूची प्रमुख, झाले, आम्ही गल्लीत पेढे वाटले. आता अध्यक्ष झाल्यावर एचआरच्या मीटिंगमध्ये हसत हसत मला सांगण्यात आलं, मॅडम तुम्ही तर सुपरवायझर आहात, तुम्ही कुठं वर्कर? घरी येऊन इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड, म्हणजे कामगार-मालक संबंधांचा कायदा, वाचला, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेला. त्यात आहे की सुपरवायझरचं काम करणारा आणि महिन्याला 18 हजारांच्या वर पगार घेणारा माणूस वर्कर धरत नाहीत. युनियनमध्ये बसायला तो चालतो, पण उद्या त्यालाच काढलं तर वर्कर म्हणून दाद मागायला गेल्यावर पहिला वाद हाच, की हा वर्कर आहे का. युनियनच्या काही पदाधिकाऱ्यांना प्रोटेक्टेड वर्कर म्हणून संरक्षण मिळतं, केस चालू असताना त्यांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पण प्रोटेक्टेड वर्कर व्हायला आधी वर्कर असावं लागतं ना! म्हणजे जी पोरगी कॉन्ट्रॅक्टवर आहे ती भीतीनं उभी राहणार नाही आणि जी परमनंट होऊन, अनुभव घेऊन लीड झाली तिला तुम्ही मोजणारच नाही. मग अध्यक्ष व्हायचं कुणी, गॅलीतल्या ट्रॉलीनं?

मी काय सुपरवाइज करते तेपण सांगते. 180 सीटच्या विमानात डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) नियमानं 50 सीटमागं एक धरून कमीत कमी चार क्रू, म्हणजे माझ्या हाताखाली तीन पोरं. त्यांची सुटी मी मंजूर करू शकत नाही, रोस्टर बदलू शकत नाही, पगारवाढीत माझं काही चालत नाही. एखाद्या म्हातारीला चहा फुकट द्यायचा म्हटला तरी तो नंतर माझ्या खिशातून भरावा लागतो. हां, अधिकार एकच आहे. आग लागली, धूर झाला आणि कॉकपिटमधून आवाज आला नाही तर दार उघडायचा निर्णय मी घ्यायचा. निम्मी दारं बंद धरून 90 सेकंदांत विमान रिकामं झालं पाहिजे, या हिशोबावर विमान पास झालेलं असतं. त्या 90 सेकंदांची मी सुपरवायझर आहे, हे मला मान्य आहे.

आमच्या मराठवाड्यात हे समजावून सांगावं लागत नाही, साहेब. 26 एप्रिल 1993 ला चिकलठाण्याहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान रनवेच्या पुढच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, पुढं विजेच्या तारांत अडकून पडलं. विमानात 118 जण होते, 55 गेले, 63 बाहेर आले. संभाजीनगरात अजूनही एअरपोर्टला सोडणारा जुना रिक्षावाला त्या ट्रकची गोष्ट सांगतो, मी युनिफॉर्ममध्ये असले तर मुद्दाम सांगतो आणि शेवटी म्हणतो, जपून जा ताई. अहमदाबादला 12 जून 2025 ला विमान पडलं त्यात दहा केबिन क्रू गेले. त्या रात्री आईनं सतरा मिसकॉल दिले होते, मी लेओव्हरला, म्हणजे ड्युटीतल्या बाहेरगावच्या मुक्कामी, झोपले होते.

तर झोपेकडंच येते, कारण पोरं मला सगळ्यात जास्त फोन त्याच्यासाठी करतात. 2.40 ला पिकअप, रिपोर्टिंग, ब्रेथलायझर, ब्रीफिंग, मग चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, मधल्या अर्ध्या तासात उतारू उतरवायचे, सीटच्या कप्प्यातले केळाचे साल काढायचे, बेल्ट क्रॉस करायचे, की पुढचे उतारू चढवायचे. यातला बराचसा वेळ हिशोबात येतच नाही कारण आमच्याकडं फ्लाइंग अलाउन्स विमान हललं की सुरू आणि थांबलं की बंद. धुक्यात गेटवर दीड तास उभे राहिलो, 180 लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ते सगळं धर्मादाय. कॅनडात ऑगस्ट 2025 मध्ये एअर कॅनडाचा क्रू याच मुद्द्यावर संपावर गेला होता, सरकारनं कामावर जा म्हणून सांगितलं तरी हलले नाहीत. मी तुम्हाला धमकी देत नाहीये बरं का. आमच्याकडं 14 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप नाही आणि निम्म्या लोकांनी एकदम कॅज्युअल टाकली तरी तो संपच धरतात, हेपण वाचलंय मी. 2024 च्या मे महिन्यात एका एअरलाइनमध्ये क्रूनं एकदम सिक कॉल केला, म्हणजे आजारी असल्याचं कळवलं, 25 जणांना घरी पाठवलं, मग लेबर कमिशनरपुढं बसून परत घेतलं. जे काम टेबलावर बसून झालं ते आधीच टेबलावर बसून करता आलं असतं की नाही?

पायलट लोकांचं बघा. त्यांची आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. हे आपोआप नाही झालं, त्यांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या होत्या म्हणून झालं. आणि नोव्हेंबर 2025 पासून नियम पूर्ण लागू झाल्यावर डिसेंबरमध्ये एअरपोर्टवर काय गोंधळ झाला तो तुम्ही स्वतः निस्तरलाय, त्या दिवसांत बॅगांच्या ढिगाशेजारी उभं राहून लोकांना तोंड कुणी दिलं तेपण तुम्हाला माहीत असेल. पण तो नियम पायलटांचा. एकाच विमानात, एकाच रात्री, पुढच्या दारामागं बसलेल्या माणसाचा थकवा वेगळा आणि दाराबाहेर जंप सीटवर (क्रूची घडीची सीट) बसलेल्या माझा थकवा वेगळा, असं असतं का? आमच्या कोणत्याही बाईला विचारा. 1981 पर्यंत एअर होस्टेसला पहिलं मूल राहिलं की नोकरी जायची, नर्गेश मिर्झा बाईंच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ते बंद केलं. तेव्हाही नियम करताना तिथं एकही क्रू बसलेली नसणार, हे मी पैजेवर सांगते.

म्हणून मागणं दोनच आहेत. केबिन क्रूच्या ड्युटी आणि विश्रांतीचा नियम डीजीसीएमध्ये ज्या दिवशी चर्चेला येईल त्या दिवशी त्या खोलीत एक खुर्ची उडणाऱ्या क्रूला द्या, मलाच द्या असं नाही, पण ज्यानं मागच्या आठवड्यात चार सेक्टर केलेत अशा माणसाला द्या. आणि लीड म्हणजे वर्कर की सुपरवायझर, हे श्रम मंत्रालयाकडून एका ओळीत लेखी घेऊन द्या. श्रम खातं तुमचं नाही, माहितीये. पण पत्र घेऊन मी गेले तर गेटवर पास मागतात, तुम्ही गेलात तर चहा विचारतील. तुम्ही तालमीत घाम गाळलेला माणूस, आखाड्यात उतरायच्या आधी पैलवान कोणत्या वजनी गटातला ते तरी सांगतात ना. मला तेवढंच पाहिजे.

माझं नाव इथं टाकत नाही, सोशल मीडिया पॉलिसीत बसत नाही म्हणे. तुमच्या ऑफिसला लेटरहेडवर सहीनिशी पत्र पाठवलंय, त्याच्यावर शिक्कापण आहे, जरा वाकडा पडलाय. उत्तर फोननं द्यायचं झालं तर पहाटे अडीचनंतर कधीही करा, मी जागीच असते.

आपली,
अध्यक्ष (बिनविरोध), मुंबई बेस
मुक्काम परभणी, दोन दिवस ऑफ, त्यातला एक देवगिरी एक्सप्रेसमध्ये गेला