हृदयगती मापक घेताना पैसे सेन्सरवर खर्च करा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

व्यायामात किती कॅलरी खर्च झाल्या हे कळावे म्हणून हृदयगती मोजणारे उपकरण घेणाऱ्यांपैकी अनेकांचे पैसे नको त्या गोष्टीवर जातात. जाहिरात कॅलरींची असते, पण उपकरण कॅलरी मोजत नाही. ते फक्त हृदयाचे ठोके मोजते. त्या ठोक्यांना वय, वजन आणि स्त्री की पुरुष ही माहिती जोडून कॅलरींचा आकडा गणिताने काढला जातो. हे लक्षात ठेवले की निवड सोपी होते. ठोके अचूक टिपणारा सेन्सर घ्यावा. गणित करायला हातातला फोन पुरेसा आहे.

सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. छातीला बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत स्पंदन थेट टिपतो. मनगटी घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परतणाऱ्या प्रकाशात होणारा बदल पाहून ठोके ओळखते. शांत बसलेल्या किंवा संथ चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत दोन्ही ठीक चालतात. खरा फरक पडतो तो हात हलायला लागल्यावर. धावताना घड्याळ कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडते आणि आकडा १६०-१७० वर चिकटून बसतो. डंबेल किंवा सायकलचे हँडल घट्ट धरले की मनगट वाकते, स्नायू ताठरतात आणि सेन्सरखालचा रक्तप्रवाह बदलतो. थंडीत त्वचेतले रक्त कमी होते. गडद गोंदण प्रकाश अडवते. तीस सेकंद जोरात, तीस सेकंद सावकाश अशा व्यायामात तर घड्याळ मागेच राहते. ठोके चढून उतरतात तेव्हा कुठे त्याचा आकडा चढू लागतो.

म्हणून कमी पैशांत कॅलरींचा हिशेब ठेवायचा असेल तर आमची स्पष्ट शिफारस आहे: पडदा नसलेला, साधा छातीचा पट्टा. हे तंत्र जुने आणि पक्के आहे. फिनलंडमध्ये १९७७ साली स्थापन झालेल्या पोलर कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बिनतारी हृदयगती मापक विक्रीला आणला होता. त्यामुळे आज साधा पट्टाही ठोके चांगले मोजतो. महाग पट्ट्यात जास्त पैसे जातात ते अंतर्गत स्मृती, धावण्याच्या लकबीची मोजमापे अशा जोडसोयींसाठी. छातीवर पट्टा सहनच होत नसेल तर दंडाला बांधायचा प्रकाशीय पट्टा हा मधला मार्ग आहे. दंड मनगटाइतका वळत नाही आणि तिथे मांस भरपूर असते, त्यामुळे चुका कमी होतात. बटणावर बोट ठेवल्यावरच ठोके दाखवणारे घड्याळ मात्र या कामाचे नाही. कॅलरींसाठी सलग नोंद लागते.

खोक्यावर दोन शब्द शोधावेत, ब्लूटूथ आणि एएनटी प्लस (ANT+). या उपकरणे बिनतारी जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. दोन्ही असतील तर फोन, घड्याळ आणि व्यायामशाळेतले यंत्र यांपैकी कशालाही पट्टा जोडता येतो. फक्त स्वतःच्याच ॲपशी बोलणारे उपकरण टाळावे. ते ॲप बंद पडले की उपकरण निकामी. पोहणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. ब्लूटूथ आणि एएनटी प्लस दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाहीत. त्यामुळे पोहण्यासाठी नोंद स्वतःत साठवणारा पट्टा लागतो. बॅटरी सीआर २०३२ सारखी, नाण्याच्या आकाराची आणि घरी बदलता येणारी असावी. कापडी पट्टा वेगळा विकत मिळतो का, हेही आधीच विचारावे, कारण सेन्सरच्या आधी झिजतो तो पट्टाच.

आता गणिताकडे येऊ. मध्यम ते जोरदार, सलग व्यायामात शरीराचा ऑक्सिजनचा वापर आणि ठोके बऱ्यापैकी एकाच प्रमाणात वाढतात, आणि एक लीटर ऑक्सिजनमागे साधारण ५ कॅलरी खर्च होतात. २००५ साली कीटेल आणि सहकारी या संशोधकांनी प्रसिद्ध केलेले समीकरण याच नात्यावर उभे आहे. स्त्रियांसाठी: मिनिटाचे ठोके गुणिले ०.४४७२, त्यातून किलोमधले वजन गुणिले ०.१२६३ वजा, वय गुणिले ०.०७४ अधिक, मग २०.४०२२ वजा, आणि उत्तराला ४.१८४ ने भाग. आलेला आकडा म्हणजे मिनिटाला खर्च होणाऱ्या कॅलरी. पुरुषांसाठी: ठोके गुणिले ०.६३०९, अधिक वजन गुणिले ०.१९८८, अधिक वय गुणिले ०.२०१७, वजा ५५.०९६९, आणि पुन्हा ४.१८४ ने भाग.

४० वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या बाईचे ठोके अर्धा तास सरासरी १४० असतील तर या हिशेबाने सुमारे २७० कॅलरी येतात. तिने नवऱ्याचे घड्याळ त्याच्या नोंदींसह बांधले तर काय होते पाहा. वय आणि वजन तेच धरले आणि फक्त 'पुरुष' अशी नोंद राहिली, तरी आकडा ३८० च्या वर जातो. सेन्सरने १४० ऐवजी पावलांचे १६५ धरले तर ८० कॅलरी फुकट वाढतात. म्हणून उपकरण हाती आल्यावर पहिले काम वय, वजन आणि लिंग भरण्याचे, आणि वजन दोन-तीन किलोंनी बदलले की नोंदही बदलण्याचे. काही ॲप कमाल हृदयगती विचारतात. २२० वजा वय हे जुने सूत्र, २०८ वजा ०.७ गुणिले वय हे २००१ चे. पण प्रत्यक्षातली कमाल गती दोन्हींपासून दहा-बारा ठोक्यांनी सहज दूर असू शकते.

पट्टा बांधताना घाई करू नये. आतल्या बाजूचे दोन्ही इलेक्ट्रोड, म्हणजे त्वचेला टेकून विद्युत संकेत टिपणारे भाग, पाण्याने नीट ओले करावेत. कोरड्या त्वचेवर विद्युत संकेत पोचत नाही. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) मध्यावर, खोल श्वास घेता येईल पण उडी मारल्यावर घसरणार नाही इतका घट्ट असावा. पहिल्या पाच मिनिटांतच आकडा एकदम २०० च्या वर जाऊन खाली आला तर घाबरू नका. कोरड्या हवेत सिंथेटिक शर्ट पट्ट्यावर घासून स्थिर वीज तयार होते, त्याचा हा परिणाम. घाम आला की तो थांबतो. नाहीच थांबला तर इलेक्ट्रोड पुन्हा ओले करावेत किंवा शर्ट बदलावा.

पट्टे बिघडतात ते बहुधा निष्काळजीपणाने. व्यायामानंतर सेन्सरची डबी पट्ट्यापासून काढून ठेवलीच पाहिजे. ओला पट्टा दोन टोकांतले विद्युत मंडल पूर्ण करतो, सेन्सरला वाटते पट्टा अंगावरच आहे, आणि बॅटरी रात्रभर खर्च होत राहते. पट्टा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळावा आणि आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा. घामातले मीठ साचले की पट्टा मधलेच आकडे गाळायला लागतो. ब्लीच किंवा कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, पिळू नये, कडक उन्हात वाळवू नये. ठोके मधूनच शून्य होऊ लागले तर आधी पट्टा धुवावा, मग बॅटरी बदलावी, आणि त्यानंतरही सुधारणा नसेल तर नवा कापडी पट्टा लावून पाहावा. सेन्सर टाकून देण्याची वेळ क्वचितच येते. बॅटरी बदलताना झाकणाखालचे रबरी कडे जागेवर बसले आहे ना, हे नक्की पाहावे. नाहीतर घाम आत शिरतो.

मनगटी घड्याळ आधीच घरात असेल तर तेच वापरावे, पण मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवून, व्यायामापुरते एक घर जास्त आवळून.

उपकरण परत करण्याची मुदत संपण्याआधी दोन चाचण्या घ्याव्यात. व्यायाम थांबवताच मनगटावरची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणावे. एक ठोका चुकला तरी उत्तर चारने बदलते, म्हणून तीन-चार वेळा मोजावे. ठोके झपाट्याने उतरतात, तेव्हा फोनच्या किंवा घड्याळाच्या पडद्यावरचा आकडाही त्याच क्षणी पाहावा. दुसरी चाचणी कॅलरींची. सपाटीवर धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण १ कॅलरी लागते. ६० किलोचा माणूस ५ किलोमीटर धावला की ३०० च्या आसपास आकडा यावा. ४५० आला तर नोंदी तपासाव्यात.

आणि इतके करूनही आकडा अंदाजाचाच असतो. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० जणांवर सात मनगटी उपकरणे तपासली. सहा उपकरणांची ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरींत सर्वांत बरे उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. जड वजने उचलताना ठोके वाढतात पण ऑक्सिजन तेवढा वाढत नाही, म्हणून तिथला आकडा फुगतो. उकाड्यात वेग तोच ठेवला तरी तासाभरात ठोके दहा-पंधराने वर सरकतात. बसून असताना तर समीकरण सपशेल चुकते. वरच्याच बाईचे ठोके ७५ धरले तर ते तासाला १२० कॅलरी दाखवते, जेव्हा खरा खर्च साधारण ६० असतो. त्यामुळे व्यायाम संपताच नोंद बंद करावी. शिवाय काहीही न करता अर्ध्या तासात ज्या ३० कॅलरी गेल्याच असत्या, त्याही बहुतेक उपकरणे बेरजेत धरतात. वजन उतरवण्यासाठी हिशेब ठेवणाऱ्याने २७० मधून त्या वजा करून २४० च धराव्यात.

बीटा ब्लॉकर गटातले औषध घेणाऱ्यांचे ठोके औषधाने दाबलेले असतात. त्यांच्या बाबतीत ठोक्यांवरून काढलेला कॅलरींचा आकडाही लागू होत नाही आणि वयावरून काढलेली कमाल गतीही नाही. पेसमेकर असलेल्यांनी छातीचा पट्टा बांधण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आपले नम्र,
व्यायाम प्रशिक्षक