स्लॅब पडायच्या आधी

तोक्यो,
फेब्रुवारी

ती. अण्णा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

दादानं पाठवलेला घराचा नकाशा मिळाला. फोनवर रोज बोलणं होतं, पण घाईत निम्मं राहून जातं. आईच्या हातात कागद असला की ती शांतपणे दोन-चारदा वाचते, म्हणून पत्रच लिहिते आहे. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबच्या खालचे टेकू-फळ्या, पुढच्या महिन्यात लागणार म्हणालात. म्हणजे पंख्याचे डबे कुठं बसणार आणि विजेच्या पाइपा कुठून जाणार, हे त्याआधी ठरायला पाहिजे. काँक्रीट ओतल्यावर दिवा आपल्याला हवा तिथं लागत नाही, पाइप निघेल तिथं लागतो. मग छिन्नी-हातोडा घेऊन स्लॅब आणि बीम फोडणं आलं, आणि ते मला मुळीच नको आहे.

अण्णा, पहिली गोष्ट तुमच्याशीच बोलायची आहे. मधल्या दहा बाय बाराच्या खोलीला तीन बाय तीनचीच खिडकी ठेवायची, मोठी ठेवली की भिंत कमजोर होते, असं तुम्ही दादाला सांगितलंत. हे तुम्ही का म्हणता ते मला माहीत आहे. 1993 च्या 30 सप्टेंबरच्या पहाटे आपल्या औसा तालुक्यात भूकंपानं काय झालं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. विसर्जन करून दमून झोपलेली माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेली. त्या भिंतीत दगड नुसत्या मातीत बसवलेले होते, आतल्या-बाहेरच्या दगडांना एकत्र धरणारं काही नव्हतं, आणि डोक्यावर कितीतरी टन माती. तशा भिंतीला मोठं भोक पाडणं धोक्याचंच होतं. पण आता घर कॉलम-बीमचं आहे. भार भिंतीवर नाही, सांगाड्यावर येतो. खिडकी कोपऱ्यापासून निदान दोन फूट आत ठेवा, खिडक्या-दारांच्या वरून लिंटेलचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरवा, आणि कॉलमच्या रिंगा जवळ-जवळ बांधून त्यांचे हूक आत वळवून घ्या. एवढं केलं तर चार बाय चारच्या खिडकीनं घराला काही होत नाही.

मी जिथं राहते त्या देशात जमीन हलणं ही नेहमीची गोष्ट आहे. तरी इथल्या 1950 च्या इमारत कायद्यात राहत्या खोलीच्या खिडकीसाठी दंडक घालून दिला, की उजेडाची जागा जमिनीच्या एक सप्तमांश पाहिजे. 1981 साली त्यांनी भूकंपाचे नियम कडक केले, पण ते करताना खिडक्या लहान करा असं म्हटलं नाही, सांगाडा मजबूत करा असं म्हटलं. घर भाड्यानं घेताना माणसं आजही इमारत 1981 च्या आधीची का नंतरची, हे विचारतात. आपल्या खोलीचं गणित करून बघा: 120 चौरस फुटांचा सातवा भाग सतरा होतो, तीन बाय तीनची खिडकी नऊ चौरस फूटच देते. चार बाय चार केली की सोळा, म्हणजे जवळपास तेवढी. माझी एवढी विनंती ऐका.

आता ती खिडकी उघडायची कुठं, हा प्रश्न आहे. प्लॉट वीस बाय तीस फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडा जास्त, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. उजेड फक्त पश्चिमेच्या रस्त्याकडून आणि मागच्या पूर्वेच्या बोळातून. मधली खोली, तीही आजीची, दिवसा अंधारी राहणार. नकाशात तिची खिडकी शेजारच्या मोकळ्या जागेकडे काढली आहे. ती जागा आपली नाही. त्यांनी उद्या बांधलं की खिडकी बंद. त्यापेक्षा जिना आजीच्या खोलीला लागून घ्या आणि खिडकी जिन्याकडे काढा. वर जिना गच्चीवर निघतो तिथं जी छोटी खोली होईल, तिच्या आपल्याच गच्चीकडच्या उभ्या भिंतीला काच बसवा. गच्ची आपली आहे, तो उजेड कुणी अडवणार नाही. स्लॅबमध्ये आडवी काच मात्र टाकू नका, एप्रिल-मे महिन्यात तिच्यातून आगच उतरेल. काचेवर जाळीच्या झडपा ठेवल्या तर तापलेली हवा वरून निघून जाईल आणि खालून मागच्या दारानं थंड हवा आत येईल. उन्हाळ्यात कूलरला तेवढी मदत.

दादा, तू विचारलं होतंस की तिकडच्यासारखं दक्षिणेकडे तोंड करून घर बांधावं का. इथं घराच्या प्रत्येक जाहिरातीत दिशा छापलेली असते आणि दक्षिणेच्या घराला भाव जास्त असतो, हे खरं. पण ते इथल्या थंडीमुळे. डिसेंबरात इथं दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून साधारण एकतीस अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन खोलीत खूप आतपर्यंत येतं. लातूरला त्याच दिवशी तो अठ्ठेचाळीस अंशांवर असतो, आणि मेच्या मध्याला तर बरोबर डोक्यावर. म्हणजे आपल्याकडे दक्षिणेच्या उन्हाला दोन फुटांचा छज्जा पुरतो. खरा त्रास पश्चिमेचा. चार-पाच वाजता सूर्य खाली आलेला असतो, तिथं छज्जा काही करू शकत नाही. आपला हॉल नेमका पश्चिमेला आहे. पुढच्या अंगणात अण्णांना पाण्याचा हौद हवाच आहे, आणि 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं ते आठवलं की हौदाबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. फक्त हौदावरची जागा उघडी टाकू नका. तिथं चार फुटांची ओसरी काढा, तिच्या कडेला विटांची जाळी, आणि उन्हाळ्यात सोडायला बांबूचा पडदा. हॉल दोन फूट आखडला तरी चालेल. दुपारी त्यात बसता आलं पाहिजे.

आता दिवे. आई, तुझा स्वयंपाकाचा ओटा पूर्वेच्या खिडकीखाली आला हे फार चांगलं झालं, सकाळचा उजेड थेट परातीवर पडेल. पण रात्री? ट्यूब तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर दाखवली आहे. भाकरी थापताना तुझीच सावली पिठावर पडणार. ओट्याच्या वर जे कपाट लागेल, त्याच्या खालच्या अंगाला दिव्याचा पॉइंट ठेवायला सांग, पुढच्या कडेजवळ, म्हणजे उजेड ओट्यावर पडेल आणि डोळ्यांत येणार नाही. दिवा कामाच्या जवळ आला की छोटाही पुरतो, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्साच उरतो. ज्वारी-डाळ निवडायला तू खालीच बसणार, म्हणून मागच्या दाराशी एक दिवा आणि तुझ्या हाताला येईल असं एक बटण.

आजीच्या खोलीत ट्यूब एकटी पुरणार नाही. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत तरुण डोळ्याच्या मानानं साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो, आणि आजी तर ऐंशीच्या पुढं गेली. पोथी वाचायला तिच्या खांद्याच्या मागून येणारा भिंतीवरचा दिवा हवा, नऊ वॅटचा एलईडी, झाकलेला. रात्री उठली तर पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत जमिनीलगत एक-दोन वॅटचा पिवळा दिवा रात्रभर राहू द्या. खोलीच्या दिव्याचं एक बटण दाराशी आणि दुसरं पलंगाशी, असा टू-वे घ्या. बाथरूमला उंबरा नको. आणि तिच्या डोक्यावर माळा तर अजिबात नको. पितळी हंडे-घागरी जिन्याखाली ठेवा. इथं उंच कपाटं लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला घट्ट बांधतात आणि ती पलंगावर पडतील अशा जागी ठेवत नाहीत. आपणही तसंच करू.

लेकरांच्या अभ्यासाचं टेबल जिन्याच्या खिडकीशी. मोठीला उजेड डावीकडून यावा, धाकटा डावखुरा आहे म्हणून त्याला उजवीकडून. तेव्हा टेबल भिंतीला चिकटवण्यापेक्षा खिडकीसमोर मध्ये ठेवा आणि दोघांना समोरासमोर बसवा. पंख्याच्या वर किंवा त्याच्या पात्यांच्या घेरात दिवा घेऊ नका, नाहीतर वहीवर सावल्या सारख्या फिरत राहतात.

बल्ब घेताना वॅटऐवजी ल्युमेन बघा, ते उजेडाचं माप. जुना साठ वॅटचा बल्ब आठशेच्या आसपास ल्युमेन द्यायचा, तेवढं आता नऊ वॅटचा एलईडी देतो. आपल्याकडे दुकानात बहुतेक ठिकाणी 6500 के लिहिलेला निळसर पांढराच समोर ठेवतात. के म्हणजे केल्विन, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. ओट्यावर आणि अभ्यासाला 4000 घ्या, हॉलमध्ये आणि आजीकडे 3000. छत पांढरं ठेवा, गडद रंग दिला की अर्धा उजेड तोच गिळतो. ओटा, आजीची खोली आणि जिना यांची वायरिंग इन्व्हर्टरवर वेगळी काढून घ्या. एलईडीला बॅटरी फारशी लागत नाही, भारनियमन झालं तरी रात्र निघेल.

दादा, वायरमनला घेऊन एक दिवस प्लॉटवर जा आणि खडूनं जमिनीवर पलंग, ओटा, टेबल आखून घे. आईला ओट्याजवळ उभी कर, तिच्या हाताची उंची मोजून बटणांच्या जागा ठरव. सेंट्रिंग लागलं की वरून पाइपांचे फोटो मापासह काढून ठेव, पुढं भिंतीत खिळा ठोकताना लागतील. वहिनींनाही विचारा, स्वयंपाकघरात त्यांचाही वेळ जातो, आणि या नकाशात त्यांचं म्हणणं मला कुठं दिसलं नाही.

आजीला पलंग कोणत्या भिंतीला हवा ते तिला विचारून कळवा. त्यावर तिच्या दिव्याचा पॉइंट ठरेल. उत्तर आलं की मी नकाशावर लाल शाईनं खुणा करून परत पाठवते. अण्णा, खिडकीचं तेवढं मनावर घ्या.

तुमची,
धाकटी