उन्हाळ्यात परिसरवृत्ताचे स्तंभ आकसू नयेत

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की लहान शहरांतून निघणाऱ्या दैनिकांची स्थानिक पाने ठरावीक वळणावर जातात आणि आपले दैनिकही त्याला अपवाद राहिलेले नाही. पहिल्या पानावर कमाल तापमानाचा आकडा मोठ्या टाइपात येतो, आतल्या पानावर सुट्टीतील शिबिरांच्या समारोपाची छायाचित्रे येतात, आणि ज्या दोन स्तंभांत एरवी परिसरातील बारीकसारीक घडामोडी असत, तेथे वृत्तसंस्थांकडून आलेला दूरदेशीचा मजकूर भरलेला असतो. सुट्ट्यांमुळे बातम्या कमी असतात आणि वार्ताहरही रजेवर असतात, हे त्यामागचे कारण मी जाणतो. तथापि माझे म्हणणे नेमके उलट आहे. वर्षातील ज्या काळात एका गल्लीची बातमी शेजारच्या गल्लीतील माणसाच्या प्रत्यक्ष उपयोगी पडते, तो काळ उन्हाळ्याचाच असतो. म्हणून ते दोन स्तंभ या दिवसांत आकसण्याऐवजी वाढावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम तापमानाचा आकडा घेऊ. तो जेथे मोजला जातो ती जागा बहुतेक वाचकांनी पाहिलेली नसते. दीपस्तंभ बांधणारे स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६४ च्या सुमारास झडपांच्या भिंती असलेली पांढरी पेटी सुचवली आणि पुढे ती जगभरच्या हवामान खात्यांनी स्वीकारली. जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत, ऊन आत शिरणार नाही पण वारा खेळता राहील अशा बेताने ती उभी करतात. उपकरणे आता बदलली असली तरी तत्त्व तेच राहिले आहे आणि शहराचा अधिकृत आकडा म्हणजे अशा सावलीतले तापमान होय. एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करण्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. परंतु डांबरी चौकातल्या थांब्यावर उभा असलेला प्रवासी, पत्र्याच्या छपराखाली काम करणारा कारागीर किंवा वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेला रुग्ण त्या पेटीत राहत नाही. आपल्या दैनिकात कमाल तापमान ठळक छापले जाते आणि किमान तापमान कोपऱ्यात पडते, याचेही मला नवल वाटते. दिवसभर तापलेले शरीर सावरते ते रात्री, आणि दाट वस्तीत सिमेंट व डांबर दिवसभर साठवलेली उष्णता रात्री बाहेर टाकत असल्याने तेथे रात्र लवकर थंड होत नाही. ल्यूक हॉवर्ड या हौशी निरीक्षकाने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी लंडनची तापमाने मोजून शहरातील रात्र भोवतालच्या खेड्यांपेक्षा उबदार असल्याचे नोंदवून ठेवले होते. तेव्हा ही काही नवी माहिती नव्हे. ती केवळ स्थानिक पानापर्यंत पोहोचलेली नाही.

याच तापलेल्या रात्रींमध्ये विजेचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळते. रोहित्राला थंड होण्यासाठी कमी भाराचे काही तास आणि बऱ्यापैकी गार हवा लागते. पंखे आणि वातानुकूलन यंत्रे पहाटेपर्यंत चालू राहिली की दोन्ही मिळत नाहीत. अशा प्रसंगी ‘शहराच्या काही भागांत वीजपुरवठा खंडित, नागरिक त्रस्त’ एवढी बातमी येते. नागरिक त्रस्त असतात हे नागरिकांना छापून सांगण्याची गरज नाही. कोणत्या रस्त्यावरचे रोहित्र नादुरुस्त झाले, पर्यायी जोडणी केव्हा मिळणार आहे, गेल्या उन्हाळ्यात तेथेच वाढीव क्षमतेचे रोहित्र बसवण्याचे जाहीर झाले होते काय आणि झाले असल्यास ते कोठे अडले, हे मात्र वाचकाला हवे असते, आणि ते शोधून काढण्यास एखाद्या वार्ताहराची एक सकाळ पुरेशी असते.

परिसराच्या बातम्यांना मी एवढे महत्त्व का देतो, हे शिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये जे घडले त्यावरून सांगता येईल. १३ जुलै रोजी तेथील तापमान ४१ अंश सेल्सिअसपर्यंत गेले आणि त्यानंतरच्या आठवड्यात नेहमीच्या मानाने ७३९ अधिक मृत्यू झाले. मृतांमध्ये एकटे राहणारे वृद्ध मोठ्या संख्येने होते आणि चोरीच्या भीतीने त्यांपैकी अनेकांनी खिडक्या बंद ठेवल्या होत्या. मृत्यूंचा आकडा खरा की फुगवलेला, यावर अधिकाऱ्यांमध्ये जाहीर वाद झाला, तोही याच काळात. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे या घटनेचा वस्तीनिहाय अभ्यास केला, तेव्हा एकमेकींना लागून असलेल्या, गरिबीचे आणि एकट्या वृद्धांचे प्रमाण जवळपास सारखे असलेल्या नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन वस्त्यांतील मृत्युदरांत सुमारे दहापट अंतर आढळले. जेथे मृत्यू कमी झाले त्या वस्तीत रस्ते गजबजलेले होते, दुकाने चालू होती, वृद्ध माणसांना घराबाहेर पडण्याचे काही कारण होते आणि त्यांच्या न दिसण्याची दखल घेणारे कोणी होते. जेथे मृत्यू अधिक झाले तेथे घरे आणि दुकाने ओस पडली होती व रस्त्यावर जाण्याची भीती वाटत होती. उन्हाची तीव्रता दोन्हीकडे एकच होती.

फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० जादा मृत्यू झाले, आणि तो महिना तेथे सुट्ट्यांचा असल्याने अनेक घरांतील तरुण मंडळी व अनेक डॉक्टर बाहेरगावी होते. पुढच्याच वर्षी कायदा होऊन, एकट्या वृद्धांची आणि दिव्यांगांची त्यांच्या संमतीने नोंदवही ठेवण्याचे काम तेथील नगराध्यक्षांकडे सोपवण्यात आले. वर्तमानपत्राने अशी नोंदवही ठेवावी असे मी म्हणत नाही. किंबहुना कोण कोठे एकटा राहतो, कोणते घर सुट्टीत बंद आहे, हे कधीही छापू नये, कारण वाचकांमध्ये चोरही असतात. परंतु दुपारी कोणते वाचनालय उघडे असते, कोणत्या बागेचे फाटक बारा वाजता बंद करतात आणि ते का उघडे ठेवता येत नाही, कोणत्या थांब्यावरचे छप्पर काढून नेले ते परत बसवलेले नाही, कोणती सार्वजनिक पाणपोई कोरडी पडली आहे, या गोष्टी छापण्यात कोणाचेच नुकसान नाही. क्लायनेनबर्ग यांच्या अभ्यासात ज्या साध्या गोष्टींनी माणसे वाचवली, त्याच या गोष्टी आहेत. अशा बातम्यांना संपादकीय विभागात ‘भरताड’ मानले जात असेल तर तो शब्द बदलावा.

पाण्याविषयी थोडे अधिक लिहावे लागेल. पाणीकपात जाहीर झाल्याची बातमी ठळकपणे येते, परंतु कपातीच्या पोटात दडलेला धोका क्वचितच छापला जातो. जलवाहिनीत सतत दाब असतो तोवर गळतीच्या जागेतून पाणी बाहेर पडते. पुरवठा बंद होऊन वाहिनी रिकामी झाली की त्याच भेगेतून आजूबाजूचे, कधी गटाराचे, पाणी आत ओढले जाते. म्हणूनच पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर पहिले काही वेळ येणारे गढूळ पाणी भरून ठेवू नये असे सांगितले जाते. एका गल्लीतील चार घरांत एकाच दिवशी जुलाब सुरू होणे, ही त्या दिवसाची शहरातील सर्वांत महत्त्वाची बातमी असू शकते. आजची पद्धत अशी आहे की रुग्णालयातील खाटा भरल्यावर ती पहिल्या पानावर येते. त्या आधी तिला कोठेही जागा नसते.

लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात १८५४ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ पसरली. तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे शोधून एका हातपंपाकडे बोट दाखवले आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला, हा इतिहास अनेकांना माहीत असतो. त्या वेळेपर्यंत साथ बरीचशी ओसरू लागली होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हेन्री व्हाइटहेड यांचे नाव मात्र फारसे घेतले जात नाही. ते त्या वस्तीतील तरुण धर्मोपदेशक होते आणि स्नो यांचे मत त्यांना प्रारंभी मुळीच पटले नव्हते. ते खोडून काढण्याच्या हेतूने त्यांनी ओळखीच्या घरोघरी पुन्हा पुन्हा जाऊन विचारपूस केली. ४० क्रमांकाच्या घरातील आजारी तान्ह्या मुलीचे कपडे धुतलेले पाणी त्या पंपाच्या विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात ओतले गेले होते, हे त्यांनाच कळले आणि मग त्यांनी आपले मत बदलले. वस्तीत ज्याच्यासाठी दार उघडते, त्यालाच अशी गोष्ट सांगितली जाते. आपल्या दैनिकाच्या वार्ताहरांमध्ये अशी ओळख असलेली माणसे अजून आहेत. त्यांना पत्रकार परिषदांच्या खुर्च्यांवर बसवून ठेवणे ही त्या ओळखीची उधळपट्टी आहे.

यावर कोणी म्हणेल की अशा बातम्यांसाठी आता व्हॉट्सॲपचे गट आहेत. आहेत, आणि त्यांचा वेगही मोठा आहे. परंतु ‘उद्या पाणी येणार नाही’ हा संदेश कोणत्या दिवशी कोणी लिहिला ते त्यावर नसते, त्यामुळे तो गेल्या वर्षीचा उद्या असला तरी यंदा तितक्याच घाईने पुढे पाठवला जातो. मुले पळवणारी टोळी, विषारी टँकर, बंद होणारा पूल हे संदेश दर उन्हाळ्यात नव्याने फिरतात. वर्तमानपत्राच्या माथ्यावर तारीख असते, बातमीमागे उत्तर देण्यास बांधील असलेला संपादक असतो आणि चूक झाल्यास दुरुस्ती छापण्याची रीत असते. फिरणारा संदेश खरा की खोटा, एवढे एका वाक्यात दुसऱ्या दिवशी छापले तरी पुष्कळ धावपळ वाचेल.

सुट्टीतील कार्यक्रमांच्या बातम्यांबाबत माझी तक्रार वेगळी आहे. त्या छापू नयेत असे नाही, त्या उलट्या क्रमाने छापल्या जातात. शिबिर ‘उत्साहात संपन्न’ झाल्यावर व्यासपीठावरील मान्यवरांची नावे, प्रास्ताविक कोणी केले, आभार कोणी मानले, हे सर्व यथासांग येते. परंतु ते शिबिर भरणार आहे, कोठे भरणार आहे, कोणत्या वयाच्या मुलांना प्रवेश आहे आणि ते विनामूल्य आहे काय, हे आधी कळलेले नसते. ज्यांची मुले शिबिरांना जात नाहीत, ती सुट्टीत पाण्याकडे जातात, याचाही विसर पडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. बुडणारे मूल सहसा ओरडत नाही, कारण श्वास घेण्याचीच त्याला उसंत नसते. काठावरच्या माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही. कोणत्या तळ्याचे कुंपण तुटले आहे, कोणत्या खाणीच्या खड्ड्यात पाणी साचले आहे, जलतरण तलावावर जीवरक्षक कोणत्या वेळेत असतो, ही बातमी दुर्घटनेच्या आधीची आहे. दुर्घटनेनंतरची बातमी आपण दरवर्षी छापतोच, आणि तिच्यातले ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’ हे वाक्यही दरवर्षी तेच असते.

मनुष्यबळ आणि जाहिराती यांचा प्रश्न खरा आहे, आणि तो येथेच आहे असेही नाही. अमेरिकेत २००५ ते २०२३ या काळात सुमारे २,९०० वर्तमानपत्रे बंद पडली, त्यांतील बहुसंख्य लहान गावांची साप्ताहिके होती. ज्या भागांतील वर्तमानपत्रे बंद पडली तेथील स्थानिक संस्थांना कर्जरोख्यांवर अधिक व्याज मोजावे लागले, असे तेथील अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना आढळले. पाहणारे कोणी उरले नाही की सावकारही जोखीम अधिक धरतो. तेव्हा परिसरवृत्त ही केवळ हौस आहे, असे व्यवस्थापनाने समजू नये. शिवाय वाचक या कामी मदत करू शकतात. प्रत्येक भागातून येणारी माहिती चिठ्ठीने किंवा दूरध्वनीने स्वीकारावी, संबंधित कार्यालयाकडून ती पडताळून घ्यावी आणि पडताळणी न झालेली माहिती छापू नये, मग ती कितीही चटकदार असो. खोदलेला रस्ता, बंद पथदिवा, कोरडी पाणपोई यांपैकी ज्याची बातमी एकदा छापली त्याचे पुढे काय झाले, हे आठवड्याने दोन ओळींत सांगावे. काम झाले असेल तर तेही आवर्जून छापावे, कारण काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याची नोंद सहसा कोठेच मिळत नाही.

हे स्तंभ पहिल्या पानावर हवेत असा माझा आग्रह नाही. आतल्या कोणत्याही पानावर चालतील. मात्र जागा रोज एकच असावी, जाहिरात आली म्हणून ती हलवू नये, आणि अक्षरे एवढी मोठी असावीत की ज्या वृद्ध वाचकांना या बातम्यांची सर्वाधिक गरज आहे त्यांना त्या भिंगाशिवाय वाचता याव्यात. येत्या सोमवारपासून ही व्यवस्था सुरू करणे शक्य आहे काय, हे कृपया याच सदरात कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक