भिंतीवरचे गोन्सालो

क्वेर्नावाका, मेक्सिको

ती. काका आणि ती. काकूंना साष्टांग नमस्कार.

मेक्सिको सिटीत उतरलात की एक दिवस क्वेर्नावाकाच्या कॅथेड्रलसाठी राखून ठेवा. वसईतल्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते संत गोन्सालो गार्सिया इथल्या भिंतीवरच्या चित्रकथेत आहेत. 5 फेब्रुवारी 1597 ला जपानातल्या नागासाकीत ज्या 26 ख्रिस्ती लोकांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यांत वसईत जन्मलेले गोन्सालो होते आणि मेक्सिकोचे फेलिपे दे हेसुसही. फेलिपे या देशाचे पहिले संत, म्हणूनच जपानातली ही घटना इथे रंगवली गेली.

मेट्रोच्या निळ्या दोन नंबर लाइनचं शेवटचं स्टेशन तास्केन्या. त्याला लागूनच बसस्टँड आहे. तिकीट काढताना ‘क्वेर्नावाका सेंत्रो’ असं स्पष्ट सांगा. या गावात बसचे थांबे एकापेक्षा जास्त आहेत, चुकीच्या ठिकाणी उतरलात तर पुन्हा टॅक्सी करावी लागेल. प्रवास साधारण दीड तासाचा. मेक्सिको सिटी 2,240 मीटरवर आहे, बस तिथून 3,000 मीटरच्या आसपास चढते आणि मग 1,500 पर्यंत उतरते. कानात दडे बसतात, तेव्हा आवंढा गिळत राहा. काकांनी स्वेटर पिशवीत न टाकता हाताशी ठेवावा.

आवारात शिरलात की लगेच चर्चमध्ये जाऊ नका. दर्शनी भागाला लागून कमानींचं, समोरून पूर्ण उघडं चॅपल आहे. फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघाचे मिशनरी 1525 मध्ये इथे आले. जमाव मोठा, आणि इथल्या लोकांची पूजाअर्चाही उघड्यावर होणारी. म्हणून पाद्री छपराखाली आणि लोक अंगणात, अशी ही सोय. एवढं मोठं अंगण कशाला, ते इथे उभं राहिल्यावरच कळतं. आवाराची भिंत किल्ल्यासारखी कंगोऱ्यांची आहे, तीही बघा.

आत गेल्यावर पाच मिनिटं नुसतं बसा. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि ‘चित्रं पुसट आहेत’ म्हणून लोक परत फिरतात. दोन्ही बाजूंच्या लांब भिंतींवर होड्या, बंदिवान, क्रूस असं सगळं ओळीने उलगडत जातं. वर मोठ्या अक्षरांत ‘एम्पेरादोर (सम्राट) तायकोसामा’ लिहिलेलं आहे. तायकोसामा म्हणजे जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, मृत्यूचा हुकूम देणारा. चित्रं सतराव्या शतकातली. पुढे त्यांच्यावर चुन्याचे थर चढले आणि 1950 च्या दशकाअखेरच्या दुरुस्तीत ती पुन्हा उजेडात आली. जिथे गिलावाच गेला तिथे चित्रही गेलं, त्यामुळे मधेमधे मोकळी जागा दिसेल. वरचे पट्टे बघायला छोटी दुर्बीण आणा. मंद उजेडात मोबाइलचं झूम फोटो फिसकटवतं. फ्लॅश मात्र अजिबात नको.

मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चालू असताना भिंतींजवळ फिरता येत नाही. वेळा दारावर लावलेल्या असतात, त्या आधी बघून घ्या. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी या. रविवारी मारियाची वादकांची मिस्सा असते. ती ऐकण्यासारखी आहेच, पण त्या गर्दीत चित्रं बघून होणार नाहीत.

19 सप्टेंबर 2017 च्या भूकंपाने या भागातल्या जुन्या मठांचं बरंच नुकसान केलं. म्हणून जवळच्या तेपोस्त्लान गावाकडे जायचं ठरवलंत तर तिथला मठ उघडा आहे का, याची आदल्या दिवशी चौकशी करा.

येताना काकूंनी वसईच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चचे फोटो जरूर आणावेत. त्याच संघाचं इथलं बांधकाम शेजारी ठेवून बघायचं आहे.

तुमचा,
संदेश