नेमारचा हिशोब आणि शाहू स्टेडियमवरचे पाहुणे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्राझीलचा फुटबॉलपटू नेमारने तिथल्याच सांतोस क्लबबरोबरचा करार 2026 अखेरपर्यंत वाढवला, ही बातमी आपल्या क्रीडा पानावर आली आणि तिच्यावर वाचकांची पत्रंही आली. एकाने सौदी अरेबियातल्या अल हिलाल क्लबच्या पैशाला सात सामन्यांनी भागून दाखवलं. दुसऱ्याने सल्ला दिला की गड्याने आता मुकाट्याने अमेरिका गाठावी आणि शेवटची कमाई करून घ्यावी. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवरून निघालेले गुडघे आणि घोटे माझ्याकडे येतात. म्हणून गुडघ्याच्या बाजूने थोडं लिहिते.

आधी तो भागाकार. अल हिलालने ऑगस्ट 2023 मध्ये पॅरिसच्या क्लबला सुमारे 9 कोटी युरो मोजून नेमारला नेलं. तिथे तो सात सामने खेळला, एक गोल केला आणि जानेवारी 2025 मध्ये दोन्ही बाजूंनी संमतीने करार संपवला. इथपर्यंत पत्रलेखकाचं बरोबर आहे. पण डावा गुडघा गेला तो अल हिलालकडून खेळताना नव्हे. 17 ऑक्टोबर 2023 ला माँटेव्हिडिओत ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना लिगामेंट तुटलं आणि सोबत गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटली. देशाकडून खेळताना अशी दुखापत झाली तर क्लबला पगाराची भरपाई देण्याची फिफाची योजना 2012 पासून आहे. पहिले 28 दिवस क्लबने सोसायचे, पुढे जास्तीत जास्त वर्षभर आणि 75 लाख युरोंपर्यंत फिफा देते. म्हणजे सगळा पैसा वाळवंटात जिरला, असं नाही. ही भरपाई क्लबला मिळते. गुडघ्याचं जे व्हायचं ते खेळाडूचंच होतं.

आमच्या गल्लीतल्या पोरांना तो ऑक्टोबर चांगलाच लक्षात असेल. 6 नोव्हेंबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी विरुद्ध अल हिलाल सामना होता आणि नेमार दिसणार म्हणून गाडी करून जायचं ठरलं होतं. त्या सामन्याच्या चार दिवस आधी त्याचा गुडघा ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्तेला शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. विश्वचषक आला की पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाची वाटणी करणारं आमचं गाव. पोरं आठवडाभर सुतकात असल्यासारखी फिरत होती.

आता मुख्य मुद्दा, जो दोन्ही पत्रांत सुटला. परदेशात खेळणाऱ्याची जागा मोजकी असते. सौदी लीगमध्ये त्या हंगामात एका संघाला आठच परदेशी खेळाडू नोंदवता येत होते. नेमार वर्षभर खेळणार नाही म्हटल्यावर जानेवारी 2024 मध्ये त्याची नोंदणी काढून त्या जागी रेनान लोदी या दुसऱ्या परदेशी खेळाडूला बसवलं. पगार चालू आणि यादीत नाव नाही, अशी अवस्था झाली. वर्षाने तो परतला, 21 ऑक्टोबर 2024 ला अल ऐनविरुद्ध शेवटची काही मिनिटं खेळला. ती आशियाई स्पर्धा होती. सौदी लीगसाठी तेव्हा त्याची नोंदच नव्हती. दोन आठवड्यांत एस्तेघलालविरुद्ध पुन्हा बदली म्हणून उतरला आणि मांडीचा मागचा स्नायू धरून बाहेर आला. यात मला नवल वाटलं नाही. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर मांडी बारीक होते. मी दर वेळी टेपने दोन्ही मांड्या मोजते आणि खेळाडूला आकडा दाखवते, कारण गुडघा दुखायचा थांबला की त्यांना वाटतं झालं काम. नऊ महिन्यांच्या आत मैदानात सोडलं तर पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो, हे आता सगळे मानतात. पण वर्ष थांबलेल्या खेळाडूलाही सामन्याची लय येण्यासाठी आठवड्याला आठवडा जोडून खेळावं लागतं. लीगमध्ये नोंद नसलेल्या माणसाने लय कुठे मिळवायची? जानेवारीत अल हिलालचे प्रशिक्षक जोर्जे जेझुस यांनी तो पूर्वीच्या पातळीवर खेळू शकत नाही असं सांगितलं. यादीबाहेर बसवायचं आणि मग पातळी विचारायची, हे माझ्या पचनी पडत नाही.

अमेरिकेचंही तेच आहे. तिथे पगाराच्या मर्यादेपलीकडचे फक्त तीन खेळाडू संघाला ठेवता येतात. नेमार मोकळा झाला तेव्हा इंटर मायामी क्लबच्या त्या तीन जागांवर मेस्सी, बुस्केट्स आणि अल्बा होते. सतत जायबंदी होणाऱ्या माणसाला अशा मोजक्या खुर्चीत बसवायला कुठला संघ तयार होईल? आणि बसवलाच, तर पहिल्या दुखण्याला उठवेल. सांतोसमध्ये तो परदेशी नाही. तो जखमी झाला म्हणून कुणा दुसऱ्याची जागा अडत नाही, डॉक्टर ओळखीचे आहेत आणि 2009 ते 2013 तो तिथेच खेळून मोठा झाला.

पहिला करार जेमतेम पाच महिन्यांचा, जून 2025 पर्यंतचा होता, म्हणून त्याची चेष्टा झाली. मला तो शहाणपणाचा वाटला. फिफाचा नियम असा, की करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलणी करून सही करू शकतो. म्हणजे सही केल्या दिवसापासून तो बोलणी करायला मोकळाच होता. सांतोसच्या मानेवरही लांबचं जोखड नव्हतं. दुसरा नियम तर फार थोड्यांना ठाऊक असतो: ‘मेडिकल पास झाला तरच करार लागू’ अशी अट घालता येत नाही. तपासणी सहीच्या आधी करायची. नंतर दुखापत निघाली म्हणून करार झटकता येत नाही.

सांतोसवर मात्र माझा एक राग आहे. डिसेंबर 2025 मध्ये खालच्या श्रेणीत जायची वेळ आली होती. 2023 मध्ये हा क्लब इतिहासात पहिल्यांदा घसरला होता, तेव्हा त्यांची भीती समजू शकते. पण गुडघ्यातली गादी दुखावलेली असताना नेमार खेळला, जुव्हेंतूदविरुद्ध तीन गोल केले, संघ वाचला. लोक नाचले. मी त्याच्या डाव्या पायाकडे बघत होते. तीन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पंधरवड्यात नवा करार झाला, हे निदान क्लबला शोभलं.

हे सगळं लिहायचं कारण तसं घरचंच आहे. आपल्या तालमींचे आणि मंडळांचे संघ हंगामापुरते परदेशी खेळाडू आणतात. त्यांच्यासाठी परदेश म्हणजे कोल्हापूर. इथेही मैदानात उतरवायच्या परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असते. मध्यंतरी पश्चिम आफ्रिकेतला एक मुलगा माझ्याकडे आला. गुडघ्याला क्रेप बँडेज, तेही उलटं गुंडाळलेलं. मोडक्या हिंदीत एकच प्रश्न: ‘मॅडम, तीन हप्ते में होगा?’ करार दाखव म्हटलं तर त्याने मोबाइलवरचा फोटो काढला. अर्धं पान होतं. महिन्याची रक्कम, खोली, जेवण. दुखापतीचा एक शब्द नाही. एमआरआयचे पैसे बरोबरच्या दुसऱ्या परदेशी मुलांनी गोळा केले. संघाने त्याच्या जागी नवा खेळाडू पाहायला सुरुवात केली होती, आणि हा खोलीत बसून त्यांचेच सामने मोबाइलवर बघत होता. संघातली माणसं वाईट नव्हती. फक्त कागदावर नसलेल्या गोष्टीला वर्गणीतून पैसे कुठून काढायचे, हे त्यांना कळत नव्हतं.

केएसएने (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने) येत्या हंगामाच्या नोंदणीलाच परदेशी आणि बाहेरगावच्या खेळाडूंसाठी आणखी अर्धं पान जोडून घ्यावं. एमआरआय कोण करणार, शस्त्रक्रिया लागली तर विमा कुणाचा, फिजिओथेरपी किती आठवडे आणि खेळता आलं नाही तर परतीचं तिकीट कोण काढणार, एवढं त्यात असलं तरी पुरे. मजकूर तयार करायला आम्ही तीन-चार फिजिओ विनामूल्य बसायला तयार आहोत. आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी हा विषय नोंदणीच्या आधी पदाधिकाऱ्यांपुढे काढावा, ही विनंती.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर