आधी गाडी द्या, मग जॉगिंग ट्रॅक

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूर या बंद पडलेल्या नॅरोगेज गाडीचे, म्हणजे आमच्या 'शकुंतला'चे रूळ काढून तिथे चालण्यासाठी आणि सायकलींसाठी मार्ग करावा, हा कालच्या अंकातला लेख वाचला. कल्पना झकास आहे. लेखकमहाशय मे महिन्यात कारंजा ते दारव्हा चालून दाखवणार असतील, तर पाण्याची कॅन घेऊन मी मागे येतो.

असा एक ट्रॅक आमच्या गावातही झाला आहे. गावाचे नाव लिहीत नाही, उगाच कुणाला मिरच्या झोंबायला नकोत. तलावाकाठी पेव्हर ब्लॉक बसवले, ओपन जिम आणली, फीत कापली, पेढे वाटले. पहिल्याच पावसात काळी माती फुगली आणि ब्लॉक वर आले. आमच्या सौ. तिथे अडखळून पडल्या, मनगट मोडले. तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणतात, "काका, अंधारात जाता कशाला?" अंधार का, तर दिव्यांचे बिल कोणी भरायचे हे ठरलेले नाही! उद्घाटनाची पाटी तेवढी शाबूत आहे. ही गत तलावाला एक फेरी मारण्याएवढ्या ट्रॅकची, आणि आपण यवतमाळ ते अचलपूर सुमारे 190 किलोमीटरच्या गोष्टी करता.

शकुंतला कापसासाठी विलायती कंपनीने घातली, पण पुढे चालली गोरगरिबांसाठी. फाटक आले की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकली की उघडून पुन्हा चढायचा. हसा हवे तर. पण सीताफळांचे टोपले घेऊन चढणाऱ्या बाईला "टोपल्याचे वेगळे पैसे दे" असे त्या गाडीत कुणी म्हणत नव्हते. आता काळीपिवळीवाला म्हणतो, आणि टोपले टपावर टाकतो.

2016 मध्ये हे अरुंद रूळ रुंद करण्याची, म्हणजे ब्रॉडगेजची घोषणा झाली, तेव्हाही आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे काय झाले ते आपल्याच बातमीदारांना विचारा. त्या विलायती कंपनीच्या रेल्वेशी झालेल्या कराराचे घोंगडे भिजत पडले आहे, रुळांत बाभळी माजल्या आहेत. त्यात एकदा का बाकडी आणि कारंजी बसली, की रेल्वे मागायला जाणाऱ्यांना साहेब लोक खुशाल सांगतील, "आता जागा कुठे आहे?" फिरायला आमची ना नाही हो, पण मुर्तिजापूरला मुंबईची गाडी पकडायला काय जॉगिंग करत जायचे?

ता.क. : लेखाबरोबरच्या छायाचित्रात रुळांवर विजेच्या तारा दिसतात. शकुंतला 1994 पर्यंत वाफेवर धावली, नंतर डिझेलवर. तार तिने कधी पाहिली नाही. छायाचित्र कुठले होते, याचा खुलासा छापावा. पहिल्या पानावर नको, हवामानाच्या रकान्यात छापलात तरी चालेल. तिथे तसेही आमच्या जिल्ह्याचे तापमान नसते.

आपला,
एक जुना वाचक, जि. यवतमाळ