पंचकल्याणी घोड्यांची वरात

माथेरानचे घोडेवाले काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. तरीही सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझ्या कपाटातल्या, मी रंगवलेल्या बावीस चिमुकल्या घोड्यांच्या पुतळ्यांचे पाय तुमच्यामुळे सुधारले, हे चार लोकांना कळायला हवं.

माझ्या मुलीला फिरवून आणायला तुम्ही सकाळी तुमच्या चांदणी घोडीला घेऊन हॉटेलच्या व्हरांड्याशी आलात, तेव्हा मी कठड्यावर फळी ठेवून रंगवत बसलो होतो. फळीवर बोटाएवढे आठ स्वार, नेपोलियनच्या चिलखती घोडदळाच्या दहाव्या रेजिमेंटचे. सुट्टीत कोणी असलं सामान बांधून आणतं का, यावर आदल्या रात्री घरच्यांकडून माझी हजेरी घेऊन झाली होती. तुम्ही मात्र वाकून पाहिलंत आणि विचारलंत, "साहेब, हे सगळे लग्नाला निघालेत का?"

मला काही उमगेना. मग तुम्हीच बोट ठेवलंत. चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, आठच्या आठ पंचकल्याणी. "एवढे तर वरातीतसुद्धा मिळायचे नाहीत. लढाईला कुठून आणले?"

काका, तोवर मी घोड्याकडे घोडा म्हणून पाहिलंच नव्हतं. स्वाराचं सगळं पाठ. १८१२च्या सुमाराला पहिल्या तीन रेजिमेंटच्या डगल्यावरच्या पट्ट्या लाल, चार ते सहाच्या नारिंगी, सात ते नऊच्या पिवळ्या, दहा ते बाराच्या गुलाबी. ती गुलाबी छटा जमवण्यात माझे दोन रविवार गेले होते. आणि खालचा घोडा? तपकिरी फासायचा, पाय पांढरे करायचे, छान दिसतं, झालं.

तुम्ही रस्त्यावरून जाणारा एकेक घोडा दाखवत गेलात. कुमैत म्हणजे अंग तांबूस तपकिरी, पण आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. आयाळही तांबडी असेल तर पाय काळे करायचे नाहीत. इतकं साधं. माझ्या घोड्यांची आयाळ एका जातीची आणि पाय भलत्याच.

मग आली बिगुलवाल्याची पाळी. फ्रेंच रिसाल्यात बिगुलवाल्यांना पांढरे-करडे घोडे देत, दुरून ओळखू यावेत म्हणून. मी त्याच्या घोड्याचं नाक गुलाबी केलं होतं, खूप नाजूक काम केलंय अशा थाटात. तुम्ही काही न बोलता माझा हात धरलात आणि चांदणीच्या नाकपुड्यांवर ठेवलात. अंग पांढरंशुभ्र, पण तिथली कातडी कोळशासारखी काळी, गरम, किंचित ओलसर, मध्येच टोचणारा एखादा राठ केस. "ही जन्मली तेव्हा काळीकरडी होती. शिंगरू वाढतं तसं उजळत जातं. कातडी आहे तशीच राहते."

त्या लढायांत घोडे किती असायचे, असं तुम्ही विचारलंत. ८ फेब्रुवारी १८०७ला आयलाउच्या बर्फात नेपोलियनच्या म्युरा नावाच्या सरदाराने दहा हजारांवर स्वार शत्रूवर घातले, हे मी अगदी रंगवून सांगितलं. तुमचा प्रश्न आला, "बर्फात एवढ्यांना वैरण कुठली?" इतकी वर्षं त्या हल्ल्याबद्दल वाचतोय, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आणि मग मी नको ते बोलून गेलो. नेपोलियनचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मारेंगो घोड्याचा सांगाडा लंडनच्या संग्रहालयात उभा आहे, आणि त्याच्या एका खुराची इंग्रजांनी तपकिरीची डबी केली. तुम्ही चांदणीची आयाळ विंचरल्यासारखी बोटं फिरवत राहिलात. नंतर म्हणालात, "चला ताई, बसा वर."

त्या पाऊण तासात तुमची दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, ती मी पाहिली. पैसे द्यायला गेलो तर म्हणालात, "फेरीचे द्या. गप्पांचे कसले?"

घरी आल्यावर सगळे घोडे पुसून काढले. आता आधी फिकट रंगाचा हात देतो, त्यावर तपकिरी ऑइल कलर लावून जुन्या बनियनच्या चिंधीने हलकेच टिपतो. स्नायूंचे उंचवटे आपोआप उजळतात, खाचांमध्ये रंग राहतो. मग काळे पाय. बावीसांत पंचकल्याणी एकच ठेवलाय, अधिकाऱ्याचा. त्याला तेवढा मिरवायचा हक्क असू दे. बायको म्हणते, आता हे खरंच घोडे वाटतात. स्वारांबद्दल ती काही बोलली नाही.

पावसाळा सरला की दस्तुरीला गाडी लावून वर येतो. बिगुलवाला खिशात असेल. चांदणीच्या नाकाशी धरून बघू, काळा बरोबर जमलाय का ते. तिच्यासाठी गाजरं आणतो.

तुमचा,
फळीवाला साहेब